मोबाइल गेटवर, लेन्स आत

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे अजूनही कुणीतरी हुज्जत घालतंच. खिशातला मोबाइल जमा करायचा आणि शेजारच्याच्या मांडीवरची हातभर लेन्स मात्र आत जाणार, हा कुठला न्याय? डिसेंबर 2018 पासून ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मोबाइल बंद झाला, कॅमेरा राहिला. हा भेदभाव समजायला थोडं मागं जावं लागतं.

1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशभर शिकार बंद, 1995 मध्ये अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प. तोवर इथं फोटो काढणारे मोजकेच होते. रोल 36 फ्रेमचा. बटण दाबायच्या आधी माणूस दहादा विचार करायचा. डिजिटल आलं आणि तो विचार संपला.

खरा फरक पडला 2012 मध्ये. त्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं आणि ऑक्टोबरात नव्या नियमांसह पुन्हा सुरू केलं. चर्चा झाली ती पर्यटन कोअरच्या 20 टक्क्यांपुरतंच ठेवण्याची. प्राण्यापासून किमान 20 मीटर लांब राहा, या ओळीकडे फारसं कुणी बघितलं नाही, आणि मोबाइलचं सगळं भांडण त्याच ओळीत आहे.

गणित सोपं आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याला 400 मिमीची लेन्स लावली, तर 20 मीटरवर फ्रेममध्ये जेमतेम 1.8 मीटर रुंदी मावते. आडवा चालणारा वाघ शेपटीसकट त्यात बसतच नाही; त्याच्यासाठी गाडी उलट मागं घ्यावी लागते. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यात त्याच अंतरावर 27-28 मीटरचं जंगल येतं आणि वाघ ठिपक्याएवढा. मग मागच्या सीटवरून सुरू होतं, ‘‘समोर घ्या न भाऊ, थोडंसं!’’ स्क्रीनवर बोटं फाकवून मोठं केलं तर नुसता धूसर डाग दिसतो.

यात ‘झूम’ या शब्दानं आणखी घोळ घातला आहे. गेटवर प्रत्येक लांब नळीला झूम म्हणतात. पण 500 मिमीची प्राइम, म्हणजे एकाच ठरावीक फोकल लांबीची, लेन्स तसूभरही झूम होत नाही, आणि ज्या मोबाइलच्या जाहिरातीत झूमचा डंका असतो त्यालाच जवळ जावं लागतं. तांदूळ भरलेली पिशवी सफारीच्या उघड्या जिप्सीच्या दांड्यावर ठेवून, तिच्यावर लेन्स टेकवून तासभर न हलणारा माणूस वाघाला निदान त्रास तरी देत नाही.

अर्थात सगळे लेन्सवाले काही साधू नव्हेत. वाघ समोरून चालत येतानाचा, डोळ्यांत डोळे घातलेला फोटो हवा म्हणून त्याच्या वाटेच्या पुढं जाऊन गाडी आडवी लावायला सांगणारेही तेच. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 नावाची वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर असताना दोन्हीकडून जिप्सींनी वाट अडवली. व्हिडिओ पसरला, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, जिप्सीचालक आणि गाइड निलंबित झाले. हे चालक-गाइड बहुतेक आसपासच्याच गावांतले. हंगाम ऑक्टोबर ते जून, आणि घर त्याच कमाईवर. गाडी थांबवायची की पुढं घ्यायची हे त्यांनी ठरवायचं, आणि बक्षिशीची नोट मागच्या सीटवाल्याच्या खिशात.