अँफोरा की टॉर्पेडो जार? खापर हातात आल्यावर काय बघायचं

उत्खननात आतून काळं काहीतरी माखलेलं जाडसर खापर निघालं की लगेच "रोमन अँफोरा" (म्हणजे वाइन वगैरे न्यायची दोन कानांची मातीची रोमन बरणी) असं लेबल लागायचं, पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ ला पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला खणलं आणि रोमन माल सापडला तेव्हापासून तर जास्तच. पण त्यातली बरीच खापरं रोमन नाहीतच, ती टॉर्पेडो जारची आहेत, म्हणजे मेसोपोटेमिया आणि इराणच्या बाजूची. प्राचीन खापरांच्या अभ्यासक रोबर्टा टोम्बर यांनी भारतातल्या साइट्सवरची खापरं परत तपासली आणि २००७ मध्ये हे मांडलं.

गोंधळ होतो कारण दोघांचं काम एकच. जहाजातून माल न्यायचा, म्हणून दोन्ही लांबुडके, बुडाशी निमुळते, आणि आतून लेप दिलेला, नाहीतर वाइन मातीतच मुरून जायची. अख्खं भांडं असेल तर काही प्रश्नच नाही, अँफोराला मान आणि दोन कान, टॉर्पेडोला कान अजिबात नाहीत, मान नावालाच आणि काठ जाड, गोल वळवलेला. पण अख्खं मिळतं कुठे! मिळतो पोटाचा तुकडा, आणि अँफोराच्या पोटाच्या तुकड्यावरही कान नसतोच ना, त्यामुळे "कान दिसत नाही म्हणजे टॉर्पेडो" हे लॉजिक चुकीचं आहे.

माझा भरवसा लेपावर आणि मातीवर. टॉर्पेडोत डांबर असतं, खनिज डांबर, काळंभोर. रोमन वाइनच्या अँफोरात पाइनच्या झाडाची राळ. जुनी राळही काळी पडते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, लॅबमध्ये दोन्हींची केमिस्ट्री वेगळी निघते. मातीत मात्र भिंगाखाली मस्त क्लू मिळतो, इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या अँफोरात ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण चमकतात. अर्थात सगळे अँफोरा तिथले नसतात, कण नाहीत म्हणून रोमन नाही असंही नाही. आणि दोन दांड्या जोडल्यासारखा दुहेरी कान मिळाला तर तो ड्रेसेल २-४ नावाचा रोमन अँफोराचा प्रकार असण्याची शक्यता खूप, तो मुख्यतः इ.स.पू. पहिल्या ते इ.स. दुसऱ्या शतकातला.

एवढी डोकेफोड का, तर टॉर्पेडो जार मुख्यतः सासानी (इराणचं इस्लामपूर्व राजघराणं, इ.स. तिसरं ते सातवं शतक) आणि सुरुवातीच्या इस्लामी काळातले, थायलंडच्या फानोम सुरिन इथल्या नवव्या शतकातल्या जहाजातही ते सापडलेत. म्हणजे लेबल चुकलं की त्या थराची तारीख कित्येक शतकं मागे जाते आणि पर्शियन आखातातून आलेला माल आपण रोमच्या खात्यात टाकतो.

म्हणून असं खापर निघालं तर आतल्या बाजूला ब्रश लावू नका प्लीज, तो लेप खरवडला गेला तर लॅबला पाठवायला काही उरतच नाही.