हलक्या विमानाच्या इंजिनातील तापमापक: तपासणीमागची पार्श्वभूमी

रात्रभर हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाचा मास्टर स्विच सकाळी पहिल्यांदा चालू केला, की डिजिटल मॉनिटरवरील सर्व सिलिंडरांचे तापमान हँगरमधील हवेइतकेच दिसायला हवे. तीन सिलिंडर २६ अंश आणि चौथा ४१ अंश दाखवत असेल, तर इंजिन सुरू करण्याआधीच एखादा प्रोब (तापमान टिपणारा सेन्सर) किंवा जोड बिघडला आहे हे कळते. या तपासणीला काहीच खर्च येत नाही आणि बहुधा म्हणूनच ती फारशी कोणी करत नाही. मात्र तिने एकच बिंदू पडताळला जातो. हलक्या विमानांतल्या अनेक लायकमिंग कंपनीच्या इंजिनांत सिलिंडर हेडची, म्हणजे सिलिंडरच्या माथ्याची, कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस असते, आणि २६ अंशांना खरे बोलणारे गेज २६० अंशांनाही खरेच बोलेल याची खात्री नसते. त्यापुढची तपासणी कशी करायची, हे गेज कोणत्या कुळातले आहे यावर ठरते.

सर्वांत जुने कूळ वाफेच्या इंजिनांकडून आलेले आहे. पॅरिसच्या यूजेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये वाकवलेल्या चपट्या नळीच्या दाबमापकाचे पेटंट घेतले. त्याच नळीला केसासारखी बारीक धातूची नळी आणि तिच्या टोकाला लवकर उडून जाणाऱ्या द्रवाचा बल्ब जोडला, की बल्बमधील वाफेचा दाब तापमान सांगू लागतो. इंजिन ऑइलच्या तापमानासाठी ही रचना अनेक दशके वापरात राहिली, कारण तिला वीज लागत नाही. बाष्पदाब तापमानाच्या समप्रमाणात वाढत नसल्यामुळे अशा गेजवरील आकडे थंड बाजूला दाटीने आणि गरम बाजूला सैल बसलेले दिसतात. तपासणीची पद्धतही तितकीच जुनी आहे: बल्ब आणि खात्रीचा थर्मामीटर एकाच गरम पाण्यात बुडवायचे. येथे उकळते पाणी म्हणजे १०० अंश असे गृहीत धरणे चुकीचे ठरते, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. थर्मामीटरची गरज त्यासाठीच असते.

दुसरे कूळ विद्युत रोधाचे. तापमानानुसार धातूचा रोध बदलतो या गुणावर विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये प्लॅटिनमचा तापमापक मांडला आणि १८८७ मध्ये ह्यू कॅलेंडर यांनी तो विश्वासार्ह केला. विमानांत पुढे स्वस्त निकेलचे बल्ब आणि थर्मिस्टर आले. यांची तपासणी करताना सेन्सरच्या जागी ठरावीक रोध जोडून काटा कुठे थांबतो ते पाहतात. या कुळातला फसवा दोष म्हणजे इंजिनाकडचा गंजलेला अर्थिंगचा जोड. तो परिपथात जादा रोध घालतो. निकेलच्या बल्बबरोबर त्यामुळे इंजिन आहे त्यापेक्षा गरम दिसते. तापमान वाढल्यावर रोध घटणाऱ्या थर्मिस्टरबरोबर ते थंड दिसते, आणि ही दुसरी चूक अधिक घातक असते.

तिसरे कूळ थर्मोकपलचे, म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारांच्या जोडीचे. बर्लिनमध्ये थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये दोन भिन्न धातूंच्या वेटोळ्याचा एक सांधा तापवला, तेव्हा जवळची होकायंत्राची सुई हलली. हा परिणाम चुंबकीय असावा, असे त्यांचे मत होते. तो विद्युतप्रवाहाचा आहे हे डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी ओळखले. विमानात त्याची निकड भासली ती हवेने थंड होणाऱ्या इंजिनांवर आवरण चढल्यावर. अमेरिकेतील नाका या संस्थेने लँग्ली येथे १९२८ मध्ये विकसित केलेल्या काउलिंगमुळे (इंजिनावरच्या आवरणामुळे) हवेचा अवरोध बराच घटला, पण झाकलेल्या सिलिंडरांना हवा पुरते का, हा प्रश्न कळीचा झाला. स्पार्क प्लगखालच्या वॉशरमध्ये किंवा हेडमधील छिद्रात बसवलेला थर्मोकपल त्याचे उत्तर देत असे.

थर्मोकपल दोन टोकांतला फरक मोजतो, थेट तापमान नव्हे. लोह आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांच्या जोडीत हेड २०० अंशांवर आणि कॉकपिट ३० अंशांवर असेल, तर गेजपर्यंत जेमतेम ९.२४ मिलिव्होल्ट पोहोचतात. कॉकपिटच्या तापमानाची भर घालण्यासाठी जुन्या गेजमध्ये तापमानानुसार वाकणारी द्विधातूची स्प्रिंग असते, म्हणून तारा सोडवल्यावर काटा कॉकपिटच्या तापमानावर थांबला पाहिजे. हे गेज स्वतः विद्युतप्रवाह घेत असल्याने तारांचा रोधही त्याच्या हिशेबात धरलेला असतो. तारांचे संच २ किंवा ८ ओहमचे ठरलेले असतात. लांब वाटली म्हणून अशी तार कापून आखूड केली, की गेज जास्त तापमान दाखवू लागते. डिजिटल उपकरणाला ही अडचण नसते. शिवाय अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल तार ऋण असते, ज्यावर घरगुती वायरिंगची सवय असलेला हात हमखास चुकतो.

एक्झॉस्टचे तापमान पाहून इंधन-हवेचे मिश्रण पातळ करण्याची, म्हणजे त्यातले इंधन कमी करण्याची पद्धत हलक्या विमानांत १९६०च्या दशकात रुजली. टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या अल्कोर कंपनीचा त्यात मोठा वाटा होता. येथे नेमक्या आकड्यापेक्षा तापमानाचे शिखर कुठे येते हे महत्त्वाचे असल्याने काही अंशांची चूक खपून जाते. सिलिंडर हेडबाबत ती खपत नाही.

तरीही अमेरिकी नियम ९१.२०५ हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी दृश्य उड्डाणात ऑइलच्या तापमानाचे गेज मागतो, सिलिंडर हेडचे मागत नाही. त्यामुळे अनेक प्रशिक्षण विमानांत एकाच सिलिंडरवर प्रोब असे, तोही नवीन विमानात सर्वांत गरम ठरलेल्या. वर्षांनी हवा सिलिंडरांकडे वळवणारे रबरी बॅफल सैल पडले की सर्वांत गरम सिलिंडर बदलू शकतो, प्रोब मात्र जुन्याच जागी राहतो. १९८०च्या दशकापासून पसरलेल्या बहुसिलिंडर मॉनिटरांनी ही उणीव भरून काढली आणि तपासणीची एक सोपी रीतही दिली: संशयित प्रोब शेजारच्या सिलिंडरच्या प्रोबशी अदलाबदल करून विमान पुन्हा उडवायचे. चढा आकडा प्रोबबरोबर सरकला तर नवा प्रोब मागवायचा. जागेवरच राहिला तर आधी वायरिंग पाहायचे आणि मग काउलिंग उघडून त्या सिलिंडरचा बॅफल तपासायचा.