व्हिओलेता पारा

पारा, व्हिओलेता (४ ऑक्टोबर १९१७ – ५ फेब्रुवारी १९६७) : चिलीतील लोकगीतांची संग्राहक, गायिका, गीतकार, संगीतकार आणि चित्रकार. १९६० नंतर लॅटिन अमेरिकेत ‘न्युएवा कान्सिओन’ म्हणजे नवगीताची जी चळवळ उभी राहिली, तिचा पाया पाराच्या कामाने घातला. तिची ओळख बहुतेक वेळा ‘ग्रासिआस आ ला विदा’ (जीवना, तुझे आभार) या एकाच गाण्यावरून करून दिली जाते. गाणे थोर आहे यात वाद नाही. पण खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या गायकांपुढे वही उघडून बसणारी पारा वगळली, तर तिची स्वतःची गाणी कुठल्या मातीतून आली याचा पत्ता लागत नाही.

तिचा जन्म न्युब्ले या शेतीप्रधान भागातला. वडील शाळेत संगीत शिकवत, आई शिवणकाम करी आणि गातही असे. वडिलांची नोकरी गेली, पुढे ते वारले, आणि भावंडांना लहानपणीच गाऊन-वाजवून चार पैसे मिळवण्याची वेळ आली. तिचा मोठा भाऊ निकानोर पारा हा पुढे स्पॅनिशमधला नामवंत कवी झाला. त्याने १९३२ च्या सुमारास तिला सांतियागोला आणून शिक्षिका होण्यासाठी अध्यापन विद्यालयात घातले, पण तिचे मन तिथे रमले नाही. बहीण इल्दाबरोबर ती दारूच्या गुत्त्यांत आणि उपाहारगृहांत गाऊ लागली. तेव्हा गिऱ्हाइकाला हवे असत ते बोलेरो, मेक्सिकन रांचेरा आणि स्पॅनिश गाणी; १९४० च्या दशकात ती काही काळ ‘व्हिओलेता दे मायो’ या नावाने अंदालुसियन थाटाची गाणीही गात होती. रेल्वे कामगार लुईस सेरेसेदा याच्याशी १९३८ मध्ये तिचे लग्न झाले. इसाबेल आणि आंखेल ही त्यांची मुले पुढे स्वतःच्या हिमतीवर गायक झाली. हा संसार दहा वर्षांत मोडला.

पस्तिशीत तिच्या आयुष्याने वळण घेतले. शहरात ‘लोकसंगीत’ म्हणून जे चाले, ते मुख्यतः ‘वासो’ म्हणजे चिलीतल्या घोडेस्वार गावकऱ्याच्या वेशात गाणाऱ्या चौकड्यांचे गाणे होते : जमीनदाराचा झोकदार पोशाख, चकचकीत बूट, गोड सुरावटी आणि गावाचे देखणे चित्र. त्या चित्रात शेतमजूर कुठेच नव्हता. निकानोरच्या आग्रहामुळे १९५३ च्या आसपास तिने सांतियागोच्या वेशीवरच्या बारांकास, पुएन्ते आल्तो, पिर्के अशा वस्त्यांतून जुनी गाणी टिपायला सुरुवात केली. सुरुवातीला हाताशी वही आणि गिटार एवढेच होते. ध्वनिमुद्रणाचे यंत्र नंतर आले. गाणारे बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेले. कुणाला निम्मेच कडवे आठवे, मग उरलेले शोधत दुसऱ्या गावाला जायचे.

तिच्या हाती जे लागले त्यात सर्वांत मोलाची होती ‘कांतो आ लो पोएता’ ही परंपरा. हिच्यात गाणे ‘देसिमा’ या छंदात बांधतात : आठ अक्षरांच्या दहा ओळी आणि ठरलेली यमके. विषय दोन प्रकारचे, दैवी आणि मानवी. साथीला ‘गितारोन’ हे पंचवीस तारांचे चिली वाद्य असते. त्यातल्या एकवीस तारा मानेवरून जातात आणि उरलेल्या चार आखूड तारा दोन्ही कडांना दोन-दोन असतात. त्यांना ‘दियाब्लितो’ म्हणजे सैतानाची पोरे म्हणतात. हे वाद्य परंपरेने पुरुषांचे. इसाईआस आंगुलो या जुन्या वादकाकडून पारा ते शिकली.

बारांकासमधली रोसा लोर्का ही तिची एक मोठी माहितीदार. ती सुईण होती, औषधपाणी करी, आणि ‘आंखेलितो’ म्हणजे वारलेल्या तान्ह्या मुलाची सजावटही करी. चिलीच्या खेड्यांत मूल दगावले की त्याला पांढरे कपडे घालत, कागदाचे पंख लावत, फुलांच्या मखरात खुर्चीवर बसवत आणि रात्रभर त्याच्यापुढे देसिमा गात. शेवटच्या गाण्यात गायक मुलाच्याच तोंडून आईचा निरोप घेई. आईने रडायचे नाही, कारण आसवांनी पंख भिजले तर मुलाला वर उडता येणार नाही, अशी समजूत. पाराने हा विधी टिपला, आणि तोच तिच्या घरी आला. १९५५ मध्ये ती वॉर्सा येथील जागतिक युवक महोत्सवासाठी युरोपात गेली असताना तिची तान्ही मुलगी रोसिता क्लारा चिलीत वारली. त्या दुःखावरचे तिचे गीत याच देसिमांच्या घाटाचे आहे. दहा-अकरा वर्षांनी तिने पुन्हा याच विषयावर ‘रिन देल आंखेलितो’ लिहिले. त्यात मध्य चिलीतला हा विधी आणि दक्षिणेकडच्या चिलोए बेटांवरचा ‘रिन’ हा नाचाचा ताल एकत्र आले. चाल उडती आणि विषय मृत मूल : ऐकणारा पहिल्यांदा गोंधळतो, पण विधी ठाऊक असला की त्यात विसंगत काही वाटत नाही. तिच्यातली संग्राहक कुठे संपते आणि कवयित्री कुठे सुरू होते, हे इथे सांगता येत नाही. अशा कामावर काटेकोर अभ्यासक नाक मुरडतील. पण ती ज्यांच्याकडून शिकली ते गायकही जुन्या साच्यात स्वतःच्या ओळी भरतच होते.

१९५४ च्या सुमारास रेडिओ चिलेनावर निवेदक रिकार्दो गार्सियाबरोबर तिने केलेला कार्यक्रम खूप गाजला. वॉर्सानंतर ती १९५६ अखेरपर्यंत पॅरिसमध्ये राहिली, लॅटिन क्वार्टरमधल्या ‘लेस्काल’ या क्लबमध्ये गायली आणि तिथे ध्वनिमुद्रणेही केली. परतल्यावर कॉन्सेप्सिओन विद्यापीठाच्या आश्रयाने तिने लोककलेचे संग्रहालय उभारले, चिलोएपर्यंत भटकंती केली आणि मापुचे आदिवासींची गाणीही मुद्रित केली. ‘एल गियातून’ या गीतात मापुचेंचा पावसासाठीचा विधी येतो.

१९५९ मध्ये काविळीने अंथरूण धरावे लागले, तेव्हा तिने गोणपाटावर लोकरीचे भरतकाम सुरू केले. या ‘आर्पियेरा’ आधी सांतियागोच्या उघड्यावरच्या कलाजत्रेत आणि नंतर थेट पॅरिसमध्ये पोचल्या. १९६४ मध्ये लूव्र राजवाड्यातील शोभाकला संग्रहालयात तिची भरतचित्रे, तैलचित्रे आणि तारेची शिल्पे मांडली गेली. तिथे एकल प्रदर्शन भरवलेली ती पहिली लॅटिन अमेरिकन कलावंत मानली जाते.

१९६५ मध्ये ती मायदेशी आली. मुलांनी सांतियागोत ‘पेन्या दे लोस पारा’ हा गाण्याचा अड्डा सुरू केला होता आणि तरुण तिथे गर्दी करत. तिने मात्र शहराच्या कडेला ला रेइना भागात सर्कशीसारखा मोठा तंबू ठोकला. तिथे गाणे, खाणे, हस्तकला असे सगळे एका छताखाली चालणार होते. जागा आडबाजूची, हिवाळ्यात पाऊस आणि चिखल. हजार माणसांच्या तंबूत कित्येकदा मूठभर लोक असत. याच काळात तिचा स्विस जोडीदार, बासरीवादक जिल्बेर फाव्र, बोलिव्हियाला निघून गेला. ‘रुन रुन से फुए पाल नोर्ते’ हे गाणे त्याच्या जाण्यावरचे.

१९६६ मधली ‘लास उल्तिमास कॉम्पोसिसिओनेस’ (शेवटच्या रचना) ही चौदा गाण्यांची तबकडी हा तिच्या कामाचा कळस. जीवनाचे आभार मानणारे गाणे आणि आकाशापासून सगळ्याला शिव्याशाप देणारे ‘माल्दिगो देल आल्तो सिएलो’ ही दोन्ही तिच्यात आहेत. पहिले ऐकून भारावलेल्यांनी दुसरेही ऐकावे. पाराचा आवाज सपाट, काहीसा खरखरीत, साथ चारांगो या लहान तंतुवाद्याची. पुढे मेर्सेदेस सोसा (१९७१) आणि जोन बाएझ (१९७४) या गायिकांनी ‘ग्रासिआस’ला भरदार उदात्तपणा दिला, तो मूळ मुद्रणात जवळजवळ नाहीच. ५ फेब्रुवारी १९६७ रोजी ला रेइनातल्या त्या तंबूतच तिने आत्महत्या केली.

चिलीतील नवगीताचा पहिला महोत्सव १९६९ मध्ये रिकार्दो गार्सियाने भरवला. गायक व्हिक्टोर हारा आणि किलापायून, इन्ती-इयिमानी हे गायकवृंद तिचा वारसा मानत. नायट्रेटच्या खाणींतील मजुरांवरचे ‘ई आरीबा केमांदो एल सोल’, भावाच्या अटकेवरचे ‘ला कार्ता’ अशी तिची गाणी त्यांच्या तोंडी होतीच. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर हाराची हत्या झाली आणि पाराची दोन्ही मुले परागंदा झाली. देसिमा छंदात तिने लिहिलेले आत्मचरित्र १९७० मध्ये छापले गेले होते; गोळा केलेल्या गीतांचे पुस्तक मात्र १९७९ पर्यंत रखडले. आंद्रेस वुड याने तिच्यावर काढलेला चित्रपट २०११ मध्ये आला, सांतियागोत २०१५ मध्ये तिच्या नावाचे संग्रहालय उघडले आणि २०२० मध्ये आगीत त्या इमारतीची मोठी हानी झाली. तिचा जन्मदिवस चिलीत संगीत आणि संगीतकारांचा दिवस म्हणून पाळतात.