बिअरचा हँडपंप आणि ब्रामाचं पेटंट

इंग्लंडच्या पबमध्ये बारवरचा लांब दांडा खेचून बिअर काढतात ना, तो पंप जोसेफ ब्रामाने शोधला आणि 1797 ला पेटंट घेतलं, हे सगळीकडे छापलेलं असतं. पेटंट खरंय, पण त्यात आहे काय ते बघा की!

ब्रामाच्या योजनेत तळघरातल्या पिंपात वरून दट्ट्या बसवायचा, त्याच्यावर रेती भरलेली जड पेटी ठेवायची, म्हणजे वजनाने बिअर दाबली जाऊन पाइपातून आपोआप वर बारपर्यंत चढणार, दांडा ओढायची भानगडच नाही. हँडपंप बरोब्बर उलटा चालतो, तो बिअर खालून ओढून घेतो. कुलूप, हायड्रॉलिक प्रेस, संडासाचं फ्लश, सगळ्यांत या माणसाचं नाव, त्यामुळे हेही श्रेय त्याच्याच खात्यात चिकटलं असावं.

दुसरं नाव येतं ते मूळच्या डच जॉन लॉफ्टिंगचं, 1691 चं. पण त्याचं पेटंट आगीच्या बंबाचं होतं, आणि बिअरच्या यंत्राची जाहिरात होती तासाला 20 ते 30 बॅरल उपसणारं अशी. एवढ्या वेगाने ग्लास कोण भरतं? ते एका पिंपातून दुसऱ्या पिंपात माल ओतायला होतं.