गॅस स्टेशनखालील दूषित भूजल: सफाईच्या खर्चासाठी राज्य निधीकडे दावा कसा करावा

अमेरिकेत गॅस स्टेशनच्या जमिनीखालील टाकीतून पेट्रोल गळून भूजल दूषित झाले, तर ते स्वच्छ करण्याची जबाबदारी टाकीच्या मालकावर आणि चालकावर असते. मात्र अनेक राज्यांत त्यासाठी स्वतंत्र निधी आहे आणि पात्र ठरल्यास खर्चाचा मोठा भाग त्यातून परत मिळतो. तेथे स्टेशन चालवणाऱ्या किंवा विकत घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अर्ज गळतीनंतर भरला जात असला, तरी तो मंजूर होणे बहुतांशी गळतीपूर्वी ठेवलेल्या कागदांवर अवलंबून असते.

संघराज्याच्या नियमांनुसार गळतीचा संशय येताच २४ तासांच्या आत राज्याच्या संबंधित खात्याला कळवावे लागते आणि साधारणपणे ७ दिवसांत तपासणी करून संशय खरा की खोटा हे ठरवावे लागते. संशय म्हणजे शेजारच्या तळघरात पेट्रोलचा वास येणे एवढेच नव्हे. पंपातून पेट्रोल अचानक अगदी हळू येऊ लागले, तर नळीवरील गळतीशोधक यंत्राने प्रवाह मुद्दाम रोखलेला असू शकतो. हे यंत्र ताशी ३ गॅलनची गळती ओळखण्यासाठीच बसवलेले असते. अशा वेळी कर्मचारी पंप बंद करून पुन्हा सुरू करतात आणि गिऱ्हाइकाची तक्रार मिटते, पण नोंद होत नाही. उपकरणातच बिघाड होता आणि तो लगेच दुरुस्त केला, असे दाखवता आले तर कळवण्यातून सूट मिळू शकते. त्यासाठी दुरुस्तीची तारीखवार पावती मात्र हवी.

गळती निश्चित झाल्यावर प्राथमिक उपायांचा अहवाल २० दिवसांत आणि जागेच्या प्राथमिक पाहणीचा अहवाल ४५ दिवसांत द्यावा लागतो. राज्याने वेगळी मुदत ठरवली असल्यास ती लागू होते. पाण्यावर पेट्रोलचा थर तरंगत असेल, तर शक्य तितका थर काढून घेणे बंधनकारक आहे. त्यानंतर निरीक्षण विहिरी खोदून पेट्रोलमधील बेंझिनसारखी घातक द्रव्ये कुठवर पसरली आहेत हे पाहिले जाते. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची संघराज्याने ठरवलेली कमाल मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे दिसायला किरकोळ वाटणारी गळतीही महागात पडते. सफाई मातीतील वाफा ओढून, भूजलात हवा सोडून, पाणी उपसून शुद्ध करून किंवा निसर्गतः होणाऱ्या विघटनावर देखरेख ठेवून करावयाची, हे राज्याने मंजूर केलेल्या आराखड्यात ठरते.

पात्रतेच्या अटी राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियाच्या निधीत निवासी टाक्यांचे मालक आणि लहान व्यवसाय यांना मोठ्या कंपन्यांपेक्षा अग्रक्रम दिलेला आहे. फ्लोरिडाच्या मुख्य योजना १९९८ अखेरपर्यंतच्या गळतींपुरत्या आहेत. टेक्सासची परतफेड योजना तर संपुष्टात आली असून तेथे खासगी विमा किंवा तत्सम आर्थिक तरतूद स्वतःच करावी लागते. असा विमा घेताना पूर्वलक्षी तारीख जरूर पाहावी, कारण त्या तारखेआधीची गळती त्यात सहसा धरली जात नाही. इंधन विकणाऱ्या प्रत्येक स्टेशनला दर घटनेमागे १० लाख डॉलरची आर्थिक तरतूद दाखवावी लागते. ती निधीतून असो वा विम्यातून.

दाव्यासोबत सामान्यतः टाकीची नोंदणी, परवाना व शुल्काच्या पावत्या, आर्थिक तरतुदीचा पुरावा, टाकी हाताळणाऱ्या प्रशिक्षित चालकांची प्रमाणपत्रे, गळती कळवल्याची प्रत, प्रयोगशाळेचे अहवाल आणि मंजूर आराखडा लागतो. सर्वांत जास्त छाननी गळतीशोधाच्या नोंदींची होते. टाकीतील स्वयंचलित मापकाने दर ३० दिवसांत एकदा तरी ताशी ०.२ गॅलन गळती ओळखणारी चाचणी पूर्ण केलेली असावी. यंत्र बसवलेले आहे, पण महिनोन्महिने एकही चाचणी उत्तीर्ण झालेली नाही, अशा फाइलवर आक्षेप हमखास येतो. मापकातून निघणाऱ्या कागदी पट्ट्यांवरील छपाई उन्हाने उडते, म्हणून त्यांच्या छायाप्रती काढून ठेवाव्यात.

खर्चाच्या बाबतीत अनेक निधी कामाला हात घालण्यापूर्वीच अंदाजपत्रकाची मंजुरी मागतात आणि एकाहून अधिक ठेकेदारांची दरपत्रके पाहतात. तातडीचे उपाय सोडले, तर मंजुरीविना केलेला खर्च स्वतःच्या खिशातून गेला असेच समजावे. ठेकेदाराला दिलेल्या रकमेचा पुरावा प्रत्येक बिलाशी जोडावा. दाव्यातून ठरावीक स्वहिस्सा, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, वजा होतो.

चालू स्टेशन विकत घेणाऱ्याने खरेदीखताआधी राज्याच्या खात्यातून त्या जागेची संपूर्ण फाइल मागवावी, माती व भूजलाचे नमुने तपासून घ्यावेत आणि जुन्या गळतीचा दावा कोणाच्या नावे चालणार हे राज्याकडून लेखी घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला येथे काडीची किंमत नाही.

पाण्याचे नमुने ठरलेल्या मर्यादेत आल्यावर, किंवा उरलेल्या प्रदूषणाचा धोका नगण्य असल्याचे खात्याला पटल्यावर, पुढील कारवाईची गरज नसल्याचे पत्र मिळते. निरीक्षण विहिरी नियमानुसार बुजवण्याचा खर्च परत मिळतो का, हे शेवटचा दावा दाखल करण्याआधीच विचारून घ्यावे.