मानशीचे दार

सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आधी आवाज येतो. ओले लाकूड दगडावर घासल्याचा, जाडसर, कण्हल्यासारखा. मग दार बोटभर सरकते, फटीतून पाण्याची पातळ जीभ बाहेर पडते, आणि बघता बघता खाजनातले पाणी त्या वाटेने खळाळत नदीत जाऊ लागते. दाराला कोणी हात लावलेला नसतो. लहानपणी आम्ही पोरे बांधावर पालथी पडून याच क्षणाची वाट बघायचो. दार नक्की केव्हा हलणार हे वाड्यावरचे एक काका आधीच सांगत. हातात घड्याळ नाही, खिशात कागद नाही. आकाशाकडेही ते फारसे बघत नसत. आज तिथी कोणती एवढेच त्यांना माहीत असायचे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी खाजन म्हणजे काय ते सांगते. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या पाण्याखाली जाणारी, खारफुटीची. तिच्याभोवती मातीचे बांध घालून गोवेकरांनी भातशेती उभी केली. अशी जमीन गोव्यात साधारण 17 ते 18 हजार हेक्टर आहे. बांधात ठरावीक जागी जांभ्या दगडाची मोरी असते आणि तिला नदीच्या बाजूला उघडणारी लाकडी दारे. ही मानस. दारे ऐनाची, म्हणजे आपल्या माट्टीची. खाऱ्या पाण्यात हे लाकूड टिकते. भरतीला बाहेरचे पाणी चढले की दार आपोआप दाबले जाऊन बंद होते, ओहोटीला आतले पाणी बाहेरच्यापेक्षा उंच झाले की ते आतून ढकलले जाते. आपल्या हृदयातल्या झडपा हेच करतात. मीटरभर रुंद दारावर बाहेरून मीटरभर पाणी चढले आणि आत पाणी नसले, तर त्या दारावर जवळजवळ 500 किलो वजनाएवढा जोर पडतो. माणसाने रेटून बंद करायची ही गोष्टच नव्हे. पाण्याचे काम पाण्याकडूनच करून घेतलेले आहे, आणि वीज, तेल, यंत्र यांतले काही न लागता रोज दोनदा ते होत राहते.

काकांचा हिशेब कोकणकिनाऱ्यावर बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. आमचा गाव नदीच्या तोंडापासून बराच आत, म्हणून काका त्यात अर्धा-पाऊण तास मिळवत. आता यामागचे गणित बघा. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत 30 तिथी, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ सरकत सरकत पूर्ण 24 तासांचा फेरा मारते. म्हणजे एका तिथीला सरासरी 48 मिनिटे. एक घटका 24 मिनिटांची, तेव्हा 48 मिनिटे म्हणजे नेमक्या दोन घटका. पाऊण तासाचा नियम त्याच्या इतका जवळ आहे की मासेमारीला आणि शेतीला तो पुरून उरतो. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडून उमगले तेव्हा मी कॉलेजात होते. पंचांग म्हणजे सण-वार आणि मुहूर्त एवढीच माझी समजूत होती. तिथी हा चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन आहे, 12 अंशांचा एक टप्पा, आणि भरती याच कोनावर चालते, हे कोणी वर्गात सांगितले नव्हते. काकांनाही कोन माहीत नव्हता. त्यांना पाणी माहीत होते.

नदीच्या तोंडापासून इतक्या आत बांध कशाला लागतात, असाही प्रश्न पडतो. समुद्राची भरती आत येता येता दमायला हवी. पण मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या नरसाळ्यासारख्या आहेत, तोंडाशी रुंद, आत अरुंद होत जाणाऱ्या. तळाशी घासून भरतीची लाट जेवढी शक्ती गमावते, तेवढी पात्र अरुंद होत गेल्याने तिला परत मिळते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासातून दिसले आहे की सुमारे 40 किलोमीटर आतपर्यंत भरतीची उंची जवळपास तेवढीच राहते. उधाणाला ती दोन मीटरच्या आसपास, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, त्याच्या निम्म्याने. म्हणून अगदी आतल्या गावांतही बांध आणि मानस दिसतात. ज्यांनी ते बांधले त्यांनी एकेका जागी वर्षानुवर्षे पाणी कुठवर चढते ते पाहिले असणार, दुसरा मार्गच नव्हता.

आणि हे पाहणे फार जुने आहे. बांदोड्याला सापडलेल्या राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचे दान आहे, बांध घालून ती लागवडीखाली आणण्यासाठी. तो लेख सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. पोर्तुगीज आले तेव्हा गावकारीची, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याची, व्यवस्था इतकी घट्ट होती की अफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 मध्ये गावांच्या चालीरीतींची सनदच लिहून काढली. बांधाची दुरुस्ती कोणी करायची, मानशीवरचा मासा कोणाला, हे सगळे गावाच्या हिशेबात बसलेले होते.

खाजनात मला सर्वांत जास्त मोह पडतो तो मिठाचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते आणि भात हे मिठाला हळवे पीक. मातीच्या ओलाव्यातले मीठ एका मर्यादेपलीकडे गेले की ते जसे वाढेल तसे उत्पादन झपाट्याने घटत जाते. तरी खाजनात भात पिकतो, कारण इथला शेतकरी मीठ घालवण्याचे काम पावसाकडून करून घेतो. मे महिन्यात जमीन नांगरून, ढेकळे उलटून ठेवतात. त्यामुळे खालचे खारे पाणी मातीच्या बारीक नळ्यांतून वर चढायची वाट तुटते. जूनमधले पहिले मोठे पाऊस शेतात साठू द्यायचे, मीठ विरघळले की ओहोटी बघून मानशीतून बाहेर सोडायचे, परत साठू द्यायचे. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. नदीचे पाणीही या दिवसांत गोडे होत जाते. मीठ उतरले की नाही हे काकांच्या पिढीने जिभेवर पाणी ठेवून ठरवले. मीही ठेवून पाहिले आहे. पहिल्या आठवड्यात तोंड वाकडे होते, आषाढ लागेपर्यंत नुसती मातीची चव उरते.

एवढे करूनही थोडे मीठ मागे राहतेच. तिथे कोरगुट कामाला येतो. उंच, कुसळांचा, तांबड्या दाण्याचा भात. बी भिजवून, मोड आणून शेतात फेकून पेरायचे. मोड आलेले बी चिखलात लवकर पाय रोवते. वनस्पतीला पोटॅशियम हवे असते आणि सोडियम नको असते, पण दोन्हींचे कण वागायला इतके सारखे की साधे रोप फसते. खारवट जमिनीतल्या जुन्या वाणांनी यावर वेगवेगळे उपाय शोधले. बंगालच्या नोना बोकरा या वाणातले एक जनुक 2005 मध्ये ओळखले गेले. मुळाकडून पानाकडे जाणाऱ्या रसातून सोडियम परत खेचून घ्यायचे काम ते करते, त्यामुळे पाने वाचतात. केरळच्या पोक्कळीतही मीठ सोसण्याशी जोडलेला गुणसूत्राचा असाच तुकडा सापडला आणि जगभरच्या भात-संशोधनात तो वापरला गेला. हे वाण प्रयोगशाळेत घडलेले नव्हते. दरवर्षी जे ताट मिठात तगले त्याचीच लोंबी बियाण्याला ठेवणाऱ्या हातांनी ते घडवले, आणि त्यातले पुष्कळ हात बायकांचे होते. जुन्या गोव्याजवळ एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून 'गोवा धान' मालिकेतले सुरुवातीचे वाण दिले. संस्थेने आपल्या शेतातल्या वाणाला आधार मानले, याचे मला मनापासून बरे वाटते.

कापणी झाली की खाजन पाण्याला परत द्यायचे. खुंटे कुजतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यामागे सुंगटे म्हणजे कोळंबी, शेवटे आणि काळुंदर हे मासे, त्यांना खायला चोणक आणि तामसो हे मोठे मासे. मानशीच्या आतल्या बाजूला खोलगट जागा असते, तिला पोंय म्हणतात; मासा तिथे थांबतो. अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत ओहोटीचा जोर मोठा, म्हणून त्या रात्री मानशीच्या तोंडाला जाळे लावायचे. एकाच जमिनीतून तांदूळ आणि मासा, आणि दोहोंना पाणी सोडणारे-अडवणारे दार एकच.

या दारावरच दोघांचे भांडणही होते. भाताला पाणी बाहेर हवे, माशाला आत. जेव्हा बांध सांभाळणारा आणि मासा विकणारा एकच गाव होता तेव्हा ते भांडण गावातच मिटायचे. गोवामुक्तीनंतर कुळांना जमीन मिळाली, ती मिळायलाच हवी होती. बांधांची जबाबदारी 1975 च्या नियमांनी कुळांच्या संघटनांकडे गेली. मानशीचा लिलाव होऊ लागला. लिलाव घेणाऱ्याला वर्षभरात पैसे वसूल करायचे असतात, तो पाणी जास्त दिवस आत ठेवतो. त्यातच शेतावरचे पोट सुटले, पोरे शिकून नोकरीला लागली. मीही त्यातलीच, पणजीला राहते. बांध कुठे जातो, त्याला काय होते, हे बघायला रोज जाणारे पाय कमी झाले.

निसर्गाशी नाते तुटले असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा मनातल्या काही हळव्या गोष्टी डोळ्यांपुढे असतात. मला बांधावरचे कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे, बीळ आठवते. कुर्ली बांधाला भोक पाडते, बोटाच्या जाडीचे. भरतीला बाहेरचे पाणी त्या भोकातून आत शिरते आणि जाता जाता कडेचे मातीचे कण घेऊन जाते. भोक रुंदावते, म्हणून जास्त पाणी जाते, म्हणून ते आणखी रुंदावते. धरणांचे अभियंते या प्रकाराला फार घाबरतात, मातीची धरणे फुटण्याच्या मोठ्या कारणांत तो येतो. बांधात त्याला उत्तर आहे मूठभर चिखल आणि पेंढा, भोक दिसेल त्या दिवशी. त्याच दिवशी. उधाण येईपर्यंत थांबले तर मग मूठ पुरत नाही, जेसीबी लागतो. खाऱ्या पाण्याने एकदा शेत भरले की मीठ उतरायला एक पावसाळा पुरत नाही, आणि पडीक राहिलेल्या जागेत खारफुटी उगवते. ती वाढली की पुन्हा शेत करणे कायद्याने अवघड. खारफुटीचा मला राग नाही. तिची जागा बांधाच्या बाहेर आहे, तिथे 100 मीटरचा पट्टा लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांनी कमी करतो. जुने लोक बांधाबाहेर ती राखून ठेवत.

आमच्या गावचा बांध असाच फुटला. आधी एक भोक होते, ते दोघातिघांनी येता-जाता पाहिलेही होते, पण जो तो समजला की दुसरा कोणी बुजवेल. नंतर तिथे काँक्रीटची भिंत आली. मऊ चिखलात ती एका बाजूने खचली आणि भिंत व माती यांच्यामधून पाणी वाट काढू लागले. काका तिथे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग खाली उतरले, नदीकडचा निळसर चिकट चिखल ओंजळीत घेतला, दाबून बघितला आणि मला म्हणाले, "ही माती धर. त्या तिथली रेवट, ती धरायची नाही." मी दोन्ही हातात घेऊन बघितल्या. एक बोटांना चिकटून राहिली, दुसरी सांडली. पन्नाशी ओलांडल्यावर मी हा फरक शिकले, आणि तो सांगणारा माणूस तेव्हा ऐंशीच्या पुढे होता.

1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली आहे आणि वाढीचा वेग चढत आहे. उधाणाचे पाणी बांधावरून जाणार की नाही, हे अशा 20 सेंटिमीटरनी ठरते. जुन्या लोकांनीही पाणी वाढले तसा बांध ओंजळीओंजळीने वर नेलाच असणार. मातीच्या बांधाला ते दरवर्षी करता येते.

कोरगुटचे बी साध्या घरात दोन वर्षांपलीकडे भरवशाचे राहत नाही. दमट हवेत तर त्याहून कमी. म्हणजे ते टिकवायचे तर दरवर्षी कोणीतरी पेरावेच लागते. आमच्या वाड्यावर आता दोन घरांत आहे. एका घरात अजून पेंढ्याची मुडी बांधून ठेवतात, माळ्यावर, चुलीचा धूर लागेल अशी. मागच्या जूनमध्ये मी त्यांच्याकडून एक पायली मागून आणले, तीन दिवस गोणपाटात ओले ठेवले. चौथ्या सकाळी उघडले तेव्हा प्रत्येक दाण्याला पांढरा मोड होता. द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ, वर आमचा अर्धा तास. साडेनऊची भरती उलटून मानशीचे दार हलले तेव्हा मी टोपली घेऊन मेरेवर उभी होते.