एनएचएल ड्राफ्ट आणि कॉलेजचा फॉरवर्ड : पात्रता, कागदपत्रे आणि स्काउटची नजर

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याची पद्धत. या ड्राफ्टसाठी अर्ज नसतो. फॉर्म नाही, फी नाही, शेवटची तारीखही नाही. वयात बसणाऱ्या खेळाडूचे नाव आपोआप पात्र ठरते, मग तो बोस्टनच्या कॉलेजात खेळत असो वा कॅनडातल्या सस्कॅचवानच्या ज्युनियर संघात. त्यामुळे ‘ड्राफ्टला नाव नोंदवून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागितले, तर त्याला तिथेच नमस्कार करावा. कागदपत्रांची खरी दगदग असते कॉलेजच्या दारात. ती आधी समजून घेतली, की स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे निरीक्षक, काय करतात हेही नीट कळते.

पात्रता : सगळा खेळ जन्मतारखेचा

ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत खेळाडूला १८ पूर्ण झालेली हवीत आणि ३१ डिसेंबरपर्यंत त्याचे वय २० च्या पुढे गेलेले नसावे. उत्तर अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना वरच्या वयात सवलत आहे. एकदा निवड झाली नाही, तरी वयात बसेपर्यंत पुढच्या वर्षी नाव पुन्हा पात्र असते. ३२ संघ, ७ फेऱ्या, एकूण २२४ निवडी.

आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला जन्मतारखेची कट-ऑफ जशी एका दिवसाने वर्ष फिरवते, तसेच इथे होते. १५ सप्टेंबर २००८ ला जन्मलेला मुलगा २०२६ च्या ड्राफ्टमध्ये, १६ तारखेचा थेट २०२७ मध्ये. दुसऱ्याला एक वर्ष जादा मिळते. त्या वर्षात तो शाळा संपवून कॉलेजचा पहिला हंगाम खेळू शकतो. ड्राफ्टआधीच कॉलेजात चमकलेले फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचे खेळाडू, बहुतेक वर्षअखेरीच्या जन्माचे का असतात, याचे उत्तर यात आहे. जॅक आयकेल २८ ऑक्टोबरचा, अ‍ॅडम फँटिली १२ ऑक्टोबरचा, जेम्स हेगन्स ३ नोव्हेंबरचा, आणि २०२६ च्या ड्राफ्टचा गॅविन मॅकेना २० डिसेंबरचा. मॅकलिन सेलेब्रिनी हा अपवाद. १३ जून २००६ चा जन्म, पण शालेय अभ्यास लवकर उरकून तो १७ व्या वर्षी बोस्टन युनिव्हर्सिटीकडून खेळला आणि २०२४ मध्ये सॅन होजेने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले.

कॉलेजची कागदपत्रे

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था. कॉलेज हॉकीचा वरचा स्तर म्हणजे एनसीएए डिव्हिजन वन. तिथे खेळण्यासाठी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये खाते उघडावे लागते. फुकटचे प्रोफाइल पुरत नाही, शैक्षणिक आणि हौशी दर्जाच्या प्रमाणपत्राचे सशुल्क खाते हवे. अभ्यासाची अट १६ मूळ विषयांची आहे. त्यात इंग्रजीची ४ वर्षे, गणिताची ३ आणि विज्ञानाची २ येतात. या विषयांत ४ पैकी सरासरी किमान २.३ लागते. सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण एनसीएएने २०२३ पासून मागणे सोडले, पण विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी मागू शकते. हार्वर्डने ती अट परत आणली आहे. हार्वर्ड, कॉर्नेल अशा आयव्ही लीग संस्था खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाहीत, हे पालकांच्या उशिरा लक्षात येते.

गुणपत्रके नववीपासूनची लागतात. मुलगा नववी पुण्यात करून मग कॅनडातल्या मिसिसागाला गेला असेल, तर पुण्याच्या शाळेचे नववीचे गुणपत्रकही लागणार. ते मराठीत असेल तर मूळ प्रत आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर दोन्ही जोडावे. शाळेत फोन करून हे काम आधीच उरकलेले बरे. ऐन वेळी जुन्या शाळेतून कागद काढणे काय असते ते वेगळे सांगायला नको.

त्यानंतर हौशी दर्जाची प्रश्नावली येते. कोणत्या संघांकडून खेळलात, किती पैसे मिळाले, कोणाशी करार केला, हे त्यात विचारतात. इथे अलीकडे मोठा बदल झाला. ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तीन कॅनेडियन ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना पूर्वी कॉलेजची दारे बंद होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ती उघडली. अट एवढीच, की प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चापलीकडे मोबदला घेतलेला नसावा. मॅकेना याच वाटेने डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट संघातून पेन स्टेट विद्यापीठात गेला. संघाशी झालेला करार आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवा.

एजंटच्या बाबतीत सावध राहावे. कॉलेज हॉकीत ‘फॅमिली अ‍ॅडव्हायजर’ नावाची सोय चालते. तो सल्ला देतो, पण मुलाच्या वतीने व्यावसायिक क्लबशी कराराची बोलणी करायला लागला तर पात्रता धोक्यात येते. कागदावर सही करण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाला) विचारावे. ते याच कामासाठी बसलेले असते.

व्हिसाचे थोडक्यात : कॉलेज आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र देते, मग सेव्हिस या विद्यार्थी नोंदणीची ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि मुलाखत. कॅनडाच्या नागरिकाला एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा शिक्का लागत नाही. आय-२० आणि फीची पावती सीमेवर दाखवली की झाले. कॅनडात राहणाऱ्या, पण पासपोर्ट भारतीय असलेल्या मुलाला मात्र व्हिसा घ्यावाच लागतो. एफ-१ वर असताना जाहिरातीतून कमाई करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. इतर खेळाडू करतात म्हणून आपणही करावे, असे हे प्रकरण नाही.

स्काउटची वही

खेळाडूची ड्राफ्टची फाइल तयार होते, पण ती तयार करतात दुसरेच. एनएचएलचा स्वतःचा सेंट्रल स्काउटिंग विभाग १९७५ पासून आहे. हंगामाच्या सुरुवातीला त्याची निरीक्षण यादी येते. त्यात ए म्हणजे पहिल्या फेरीचा उमेदवार, बी म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा, आणि असेच खाली. जानेवारीत मधली क्रमवारी, एप्रिलच्या सुमारास अंतिम. उत्तर अमेरिकेत खेळणारे आणि बाहेरचे, स्केटर आणि गोलकीपर, अशा याद्या वेगवेगळ्या असतात. क्लबांवर ही क्रमवारी बंधनकारक नसते. प्रत्येक क्लब आपल्या स्काउटांची यादी लावतो आणि ती कोणाला दाखवत नाही.

कॉलेजचे सामने बहुधा शुक्रवार-शनिवारी, एकाच प्रतिस्पर्ध्याशी जोडीने होतात. माझ्या मते स्काउटसाठी शनिवार जास्त मोलाचा. शुक्रवारी मोकळ्या सुटलेल्या फॉरवर्डला शनिवारी समोरचा बचाव बांधून टाकतो, आणि मग तो काय करतो ते दिसते. १८ वर्षांच्या मुलासमोर २३-२४ वर्षांचे दणकट बचावपटू असतात. ज्युनियरमध्ये जी चाल सहज खपते ती इथे बोर्डवर, म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्यावर, आपटून थांबते. म्हणून स्काउट गोलपेक्षा इतर गोष्टी टिपतात : पहिल्या तीन पावलांतला वेग, पक (हॉकीची रबरी चकती) मिळण्याआधी मान वळवून मागे पाहतो का, पक हरवल्यावर परत धावतो का, बोर्डलगतच्या झोंबाझोंबीतून पक घेऊन बाहेर येतो का, प्रशिक्षक शेवटच्या दोन मिनिटांत त्याला बर्फावर ठेवतात का.

गोल आणि गोलला दिलेली साथ मिळून खेळाडूचे गुण होतात. हे आकडे वाचतानाही पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे, गुण बाजूला काढावे लागतात आणि लाइनमधले (आघाडीच्या तिघांतले) जोडीदार पाहावे लागतात. सेलेब्रिनीने ३८ सामन्यांत ६४ गुण केले, फँटिलीने मिशिगनकडून ३६ सामन्यांत ६५. दोघांनाही कॉलेजच्या पहिल्याच वर्षी होबी बेकर, म्हणजे कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा, पुरस्कार मिळाला. त्यांच्याआधी हे फक्त पॉल करिया आणि आयकेलला जमले होते. हेगन्सने बोस्टन कॉलेजकडून ३७ सामन्यांत ३७ गुण केले. हंगामाआधी त्याचे नाव पहिल्या क्रमांकासाठी घेतले जात होते, प्रत्यक्षात २०२५ मध्ये बोस्टन ब्रुइन्स संघाने त्याला सातवा उचलला. तरुण फॉरवर्डला सामन्यामागे एक गुण ही उत्तमच कामगिरी. पण मुलगा फार उंच नसेल, तर जादूई आकडा लागतो हे कटू असले तरी खरे.

जूनच्या सुरुवातीला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची शारीरिक चाचण्यांची आणि मुलाखतींची फेरी, होते. तिथे फक्त निमंत्रितांना प्रवेश. वैद्यकीय इतिहासाची कागदपत्रे, डॉक्टरांची तपासणी, सायकलवरची विंगेट (स्फोटक ताकदीची) आणि व्हीओ-टू मॅक्स (दमाची) चाचणी, पुल-अप, उड्या, आणि क्लबांच्या मुलाखती असतात. जुन्या दुखापतीचे रिपोर्ट लपवू नयेत. क्लबांचे डॉक्टर ते शोधतातच, आणि लपवलेली दुखापत दुखापतीपेक्षा महागात पडते.

निवड झाल्यावर

निवड झाली म्हणून कॉलेज सुटत नाही. पात्रता संपते ती व्यावसायिक करारावर सही केल्यावर. १८ वर्षांच्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो. सही न करता शिकत राहिल्यास २०१३ च्या सामूहिक करारानुसार (लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या करारानुसार) त्याला करारबद्ध करण्याचा क्लबचा हक्क पदवीनंतरच्या १५ ऑगस्टपर्यंत राहतो. जिमी व्हेसीला २०१२ मध्ये नॅशव्हिलने निवडले, त्याने हार्वर्डची चारही वर्षे पूर्ण केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. नवा सामूहिक करार १६ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो. त्यामुळे हक्कांच्या मुदतीसाठी जुन्या उदाहरणांवर विसंबू नका, मुलाच्या ड्राफ्टच्या वर्षी लागू असलेले कलम अ‍ॅडव्हायजरकडून वाचून घ्या.